३८ ग्रॅम गॅस आणि आईची सुरी

मे महिन्यात फ्रिज बंद पडणं म्हणजे काय ते ज्याच्याकडे पडलाय त्यालाच कळतं. आमचं घर रत्नागिरीत, साळवी स्टॉपच्या थोडं पुढे, उकाडा असा की पंख्याखाली बसून पण बनियन भिजतंय. त्यात १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून आईने मिरकरवाड्यावरून सुरमईच्या तुकड्या, थोडी कोलंबी आणून साफ करून डब्यांत भरून फ्रीझरमधे रचलेली. आणि नेमका तेव्हाच फ्रिजने दगा दिला.

फ्रिज साधाच, सिंगल डोअर, १९० लिटरचा, सहा वर्षं वापरलेला, मागे काळी जाळी असलेला. एकदम बंद नाही पडला. आधी आई म्हणाली, अरे बर्फ एकाच कोपऱ्यात धरतोय, बाकी फ्रीझर ओला. मी नेहमीप्रमाणे हो हो बघतो म्हणलं आणि बघितलं नाही. दोन दिवसांनी दूध नासलं तेव्हा बघितलं. मोटर सतत चालू, कट होतच नाही, नॉब शेवटच्या आकड्यावर, दाराच्या रबरात दहाची नोट धरून बघितली तर नोट घट्ट बसतेय, म्हणजे रबर ठीक. मागच्या जाळीला हात लावला तर जेमतेम कोमट. चांगल्या चालणाऱ्या फ्रिजची जाळी मे महिन्यात हाताला चांगली गरम लागली पाहिजे, कारण आतली उष्णता तिथूनच तर बाहेर जाते. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, मला वाटलं बरं झालं, गरम होत नाहीये.

मग फ्रिजवाला बोलावला. कोण ते सांगत नाही, चांगला बोलणारा मुलगा होता, पंधरा मिनिटांत हजर. मागे वाकून बघितलं आणि म्हणाला गॅस संपला. मी पण मान डोलावली, कारण आपल्या डोक्यात फ्रिजचा गॅस म्हणजे शेगडीच्या सिलिंडरसारखा, वापरला की संपतो. १९०० रुपये, एक वर्षाची गॅरंटी, तोंडी. भरा म्हणलं.

त्याने फ्रिज जागेवरून फूटभर पुढे ओढला, स्वयंपाकघरातच. तीन हातांवर आमची शेगडी, ओट्याखाली सिलिंडर. कॉम्प्रेसरच्या पोटातून एक बोटाएवढी तांब्याची नळी बाहेर आलेली असते, शेवटी चेपून बंद केलेली, गॅस त्यातूनच भरतात. ती उघडायला त्याने हँड टॉर्च पेटवला आणि सरळ ज्योत लावली. टोक लाल झालं, वितळलं, आणि भक्कन वीतभर निळसर जाळ बाहेर आला. एक सेकंद. तो जरासा मागे सरकला, हसला, म्हणाला थोडा गॅस शिल्लक होता वाटतं. आई दारात उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. आज आठवलं की पोटात गोळा येतो.

पुढचं सगळं वीस-पंचवीस मिनिटांत उरकलं. दाब दाखवणारं मीटर जोडलं, डब्यातून गॅस सोडला, थोडा बाहेर उडवला, परत सोडला, मोटर चालू करून काटा बघत बघत अजून सोडला, काटा शून्याच्या वर राहीपर्यंत. मग नळी चेपून टोक परत टॉर्चने बंद. मी विचारलं पण, की गॅस गेला कुठून? तर त्याने फ्रीझर उघडून आत बघितलं आणि आईला विचारलं, काकू बर्फ काढायला सुरी वापरता का?

आता आई वापरते. म्हणजे वापरायची. डबा बर्फात रुतला की पातळ सुरीचं टोक घालून सोडवायचा, आमच्याकडे तरी लहानपणापासून असंच. ती म्हणाली कधीतरी. झालं, तो म्हणाला मग तिथेच कुठेतरी बारीक भोक पडलं असणार, आता सुरी लावू नका, आणि पैसे घेऊन गेला. भोक पडलंय म्हणतो आणि भोक न शोधता वर गॅस भरून जातो, ह्यातला विनोद मला तेव्हा कळला नाही. पण आईला लागलं. पुढचे कितीतरी दिवस ती जेवताना मधेच म्हणायची, मी काय इतकी जोरात मारते का सुरी? मुंबईहून ताईचा फोन आला तर तिला पण तेच. ताई म्हणे सोड गं, नवीन घ्या. नवीन घ्या म्हणायला काय जातं.

तर एकोणीस दिवस. पहिले चार-पाच दिवस गंमत झाली. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या मागच्या नळीवर पांढरं दव गोठायला लागलं, पार कॉम्प्रेसरच्या तोंडापर्यंत, आणि ते विरघळून खाली फरशीवर थारोळं. मी खूश, म्हणलं बघ काय थंड करतोय. पण आईस्क्रीम मऊच राहत होतं. मग मधला एक आठवडा फ्रिज असा झकास चालला की विचारू नका, बर्फ कडक, मोटर वेळेवर कट. आणि मग परत हळूहळू तेच, एका कोपऱ्यात बर्फ, बाकी ओलं. फोन केला तर तो म्हणाला गॅरंटी गॅसची नाही, कामाची आहे. ह्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

दुसरे मेकॅनिक मिळाले ते मित्रामुळे. काका म्हणतो मी त्यांना, साठीचे असतील, आयटीआयला फ्रिज-एसीचा दोन वर्षांचा ट्रेड केलेला, मग बरीच वर्षं बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात. फोनवर त्यांनी किती लिटरचा किंवा कुठल्या कंपनीचा असं काही विचारलं नाही. म्हणाले, मागे कॉम्प्रेसरपाशी स्टिकर असेल, मोबाईलची बॅटरी मारून वाचा काय लिहिलंय. मी वाकलो, जळमटं काढली, तर पिवळा त्रिकोण आणि त्यात ज्वाळेचं चित्र. खाली गॅसचं नाव आर-६००ए, आणि ३८ ग्रॅम. काका म्हणाले हां, मग फ्रिज बंद करा, प्लग काढा, मासे शेजारी द्या, उद्या दुपारी येतो, आणि दोन माणसं लागतील, फ्रिज पडवीत न्यायचाय. मी म्हणलं घरात नाही का होणार? ते म्हणाले, ह्या गॅसचं काम घरात नाय करायचं.

दुसऱ्या दिवशी आले ते रिक्षा भरून. मी मोजून बघत होतो: व्हॅक्यूम पंप, एक छोटा नायट्रोजनचा सिलिंडर रेग्युलेटरसकट, मीटर, भाजीवाल्याकडे नसेल इतका बारीक इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, गॅस हुंगणारं एक पीं पीं करणारं यंत्र, आणि एक कॉफीच्या बाटलीत भांड्यांच्या लिक्विडचा फेस. पहिल्याच्या पिशवीत ह्यातलं फक्त मीटर होतं.

आम्ही फ्रिज उभाच उचलून पडवीत आणला. काकांनी आधी काहीच उघडलं नाही. बॅटरी घेऊन दहा मिनिटं नुसतं मागे बघत बसले. मग मला बोलावलं आणि जाळीच्या खालच्या टोकाला बोट दाखवलं, जिथे जाळीची लोखंडी नळी फिल्टरच्या तांब्याच्या नळीला जोडलेली असते. तिथे धूळ काळी आणि चिकट झालेली, बाकी सगळीकडे कोरडी. म्हणाले गॅससोबत तेल फिरत असतं, गॅस जिथून जातो तिथे तेल थोडं ठेवून जातो, आणि त्या तेलावर धूळ बसते. बरोबर त्याच्या खाली फ्रीझरचं पाणी साचायचा ट्रे. त्यातलं पाणी आणि आमची खारी हवा, नळी गंजून तांबूस झालेली. पण मला लगेच भोक इथेच आहे असं त्यांनी सांगितलं नाही. संशय आहे म्हणाले, आधी गॅस काढू.

गॅस काढायला चेपलेल्या नळीवर एक भोक पाडणारा व्हॉल्व्ह लावला, आग नाही काही नाही. त्याला चार मीटरची लांब नळी जोडून टोक अंगणात. मी ती नळी विहिरीच्या कठड्याकडे टाकायला गेलो तर ओरडले, तिकडे नको! हा गॅस हवेच्या दुप्पट जड, खड्ड्यात जाऊन बसतो. मग जास्वंदीच्या पलीकडे उघड्यावर, वारा होता त्या बाजूला. आईला सांगितलं वहिनी शेगडी बंद, उदबत्ती बंद, मोटरचं बटण पण चालू-बंद करू नका. ह्याच्या आधी फ्रिजमधे असायचा त्या १३४ गॅसला (आर-१३४ए) असं हवेत सोडायचं नसतं, तो भरून परत घ्यायचा असतो, कारण तो पेटत नसला तरी वातावरण तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त भारी. हा ६०० त्या मानाने निरुपद्रवी, आणि एवढासा ३८ ग्रॅम असतो म्हणून मोकळ्यावर सोडला तर चालतो. पण पेटतो.

हे पेटणं नीट समजून घेण्यासारखं आहे. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या एलपीजीचा सख्खा चुलतभाऊ. फरक इतकाच की घरच्या सिलिंडरला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, गळला की कळावं म्हणून. ह्याला वासच नाही. काका म्हणाले बर्फाच्या कारखान्यात अमोनिया होता, तो विषारी, पण प्रामाणिक, नाकात शिरला की माणूस आपोआप पळतो. हा गुपचूप येतो. आणि हवेत फक्त १.८ टक्के झाला तरी ठिणगीला तयार. मी रात्री बसून हिशोब केला, घनमीटरला साधारण ४३ ग्रॅम होतात, म्हणजे आमच्या १९० लिटरच्या फ्रिजच्या बंद पोटात आठ-साडेआठ ग्रॅम गळला तरी पुरे. मोकळ्या स्वयंपाकघरात ३८ ग्रॅम पांगून जातो, खरी भीती अशा बंद जागेत किंवा फ्रिजच्या मागे जमिनीलगत, आणि जिथून तो बाहेर येतोय त्याच तोंडाशी ज्योत धरली तर. पहिल्याने नेमकं तेच केलं होतं.

गॅस निघून गेल्यावर पण काका लगेच कामाला लागले नाहीत. कॉम्प्रेसरच्या तेलात गॅस मुरलेला असतो, तो हळूहळू सुटतो. कॉम्प्रेसरला बाहेरून हाताने थोपटलं, चहा प्यायले, पंप लावून थोडा वेळ ओढला, पंपाची बाहेर सोडायची नळी पण अंगणात, मग नायट्रोजन फिरवला. पीं पीं यंत्र सगळीकडून फिरवलं, गप्प होतं.

मग नायट्रोजन दीडशे पीएसआयपर्यंत भरून फेस लावायला सुरुवात. मी विचारलं, नायट्रोजनच कशाला, गॅरेजवाल्याकडून हवा मारून आणली तर? तर म्हणाले हवेत ओलावा, आणि त्यात ऑक्सिजन, आत तेल आणि उरलासुरला गॅस. काही जण वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनच लावतात प्रेशर बघायला, ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो, कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. नायट्रोजन कशाशीच भांडत नाही.

तर ब्रशने फेस लावत गेले. पहिल्याने बंद केलेली नळी, ठीक. बाकीचे जोड, ठीक. जाळीखालच्या त्या गंजलेल्या जोडाला फेस लावला आणि अर्ध्या मिनिटाने तिथे खसखशीएवढे बुडबुडे यायला लागले, एकाला एक चिकटून, हळूहळू पांढरी टोपी तयार झाली. मी इतक्या जवळून बघत होतो की नाकाला फेस लागला. मग काका मुद्दाम आईला हाक मारून पडवीत घेऊन आले, तिच्यासमोर फ्रीझरच्या आत सगळीकडे, जिथे जिथे सुरीचे ओरखडे होते तिथे तिथे फेस लावला आणि पाच मिनिटं सगळे बघत उभे राहिलो. एक बुडबुडा नाही. वहिनी, म्हणाले, तुमच्या सुरीचा काय दोष नाय, पण तरी परत लावू नका, ॲल्युमिनियमचा पत्रा आहे हा, खरंच भोसकलात तर तो जोडायला माझ्या नाकी नऊ येतील. आईने दुसरं वाक्य ऐकलंच नाही. पहिलं मात्र तिने त्या संध्याकाळी तीन फोनवर सांगितलं.

नायट्रोजन सोडून दिला आणि मग कापाकापी, ती पण कटरने. फिल्टर कापून काढला. हा बोटभर जाड तांब्याचा कांडा असतो, आत ओलावा शोषणारे पांढरे मणी. सिस्टिम उघडली की हा बदलायचाच, दुसरा पर्यायच नाही, आणि नवीन पण झाकण शेवटच्या क्षणी काढायचं, नाहीतर आमच्याकडची हवा त्याला दहा मिनिटांत भिजवून टाकेल. पहिल्याने बदलला नव्हता. गंजलेला भाग चांगलं चकचकीत लोखंड लागेपर्यंत मागे कापला, पॉलिश पेपरने घासला आणि मधे तांब्याचा तुकडा घालून जोड दिला. तांब्याला तांबं जोडायची स्वस्त काडी लोखंडाला चालत नाही, जोड ठिसूळ होतो, त्याला चांदी असलेली काडी आणि फ्लक्स, म्हणजे जोड नीट धरावा म्हणून लावायचा लेप, लागतो. टॉर्च पेटवण्याआधी परत यंत्र फिरवलं, आणि जोड देताना आतून नायट्रोजनची बारीक झुळूक चालू ठेवली म्हणजे नळी आतून काळी पडत नाही. ती काळी पपडी सुटून फिरत फिरत कॅपिलरीत जाऊन अडकते, आणि कॅपिलरी म्हणजे जेमतेम सुई जाईल एवढ्या भोकाची नळी. एकदा ती चोक झाली की सगळं मुसळ केरात.

परत नायट्रोजन, परत फेस, आणि मीटरच्या काट्यावर स्केचपेनने खूण करून तासभर वाट. काटा हलला नाही. तोवर पाच वाजले.

मग व्हॅक्यूम. मला हे आधी वाटायचं की फक्त हवा काढायची म्हणून करतात. तर हवा काढायचीच, ती राहिली तर जाळीत जाऊन बसते, तिचा काही द्रव होत नाही, नुसती जागा अडवते आणि कॉम्प्रेसरला छातीवर दगड ठेवून पळायला लावते. पण त्याहून महत्त्वाचं पाणी. ओलावा कपडा पिळल्यासारखा काढता येत नाही, त्याला उकळवावा लागतो, आणि दाब पुरेसा उतरवला की पाणी तीस डिग्रीला पण उकळतं. म्हणून पंप चांगला पाहिजे आणि वेळ पाहिजे. काकांच्या छोट्या मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या दाबाचं माप, जितकं कमी तितकं चांगलं) खाली यायला पन्नास मिनिटं लागली. ओलावा राहिला तर तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो, थंड होणं बंद पडतं, मग बर्फ वितळतो, परत चालू होतं, आणि माणूस म्हणतो फ्रिज मूडवर चालतो.

पंप चालू असताना एकदम लाइट गेली. मे अखेरचं नेहमीचं, लांब कुठेतरी वीज चमकली आणि गेली. साठीचा माणूस खुर्चीतून जो उडी मारून उठला आणि व्हॉल्व्ह बंद केला, मी बघतच राहिलो. का तर पंप थांबला की आतली पोकळी उलटी ओढायला लागते, पंपाचं तेल आणि बाहेरची दमट हवा सगळी फ्रिजमधे, दिवसभराचं काम पाण्यात. बंद केल्यावर मात्र निवांत बसले, म्हणाले बरं झालं, फुकटात टेस्ट झाली. वीस मिनिटं नुसता काटा बघत बसलो. थोडा चढला आणि स्थिर झाला. चढतच राहिला असता तर कुठेतरी लीक, थोडा चढून थांबला म्हणजे किंचित ओलावा. लाइट आल्यावर अजून अर्धा तास ओढला.

तोवर दिवेलागण. आईने आतून विचारलं, देवाजवळ दिवा लावू की नको? काका म्हणाले आत्ता लावा, आत्ता सिस्टिममधे काहीच नाहीये आणि डबा मी अंगणात ठेवलाय. पण भरायला घेतला की हाक मारेन, तेव्हा मधलं दार लावून घ्या. आई म्हणाली दार कशाला, मी दिवाच मागून लावते, तुमचं आटपू दे आधी. आमच्याकडे संध्याकाळचा दिवा उशिरा लागल्याचं मला तरी आठवत नाही, त्या दिवशी पावणेआठला लागला.

भरणं स्वतः अगदी पाच मिनिटांचं काम. डबा काट्यावर ठेवला, ४१२ ग्रॅम. व्हॉल्व्ह किंचित किंचित उघडत ३७४ आला की बंद. ३८ ग्रॅम, स्टिकरवर लिहिलंय तेवढाच. मग कॉम्प्रेसर चालू केला आणि नळीत अडकलेला गॅस पण त्याने ओढून घेतला. मी मीटरकडे बघतोय तर काटा शून्यावर, मग शून्याच्या खाली, उतरत उतरत दहा-बारा इंच व्हॅक्यूममधे. मी म्हणलं काका गॅस कमी पडला! ते हसले. आयसोब्युटेन आपल्या साध्या हवेच्या दाबाला उणे ११.७ डिग्रीला उकळतो. फ्रीझर त्याहून बराच थंड पाहिजे, म्हणजे तो त्याहून कमी दाबाला उकळला पाहिजे, म्हणजे काटा शून्याच्या खालीच पाहिजे. १३४ गॅस उणे २६ ला उकळतो, म्हणून त्या फ्रिजमधे काटा शून्याच्या आसपास किंवा थोडा वर राहतो, आणि ज्यांचा हात त्यावर बसलाय ते ह्यात पण काटा वर येईपर्यंत ओततात.

आणि तिथे मला एकोणीस दिवसांचं कोडं सुटलं. पहिल्याने काटा बघून भरलेला, म्हणजे मापाच्या बाहेर. जास्तीचा गॅस फ्रीझरमधे पूर्ण उकळतच नव्हता, तसाच द्रव परत कॉम्प्रेसरकडे येत होता, म्हणून मागच्या नळीवर ते दव, आणि दाब वर म्हणून आईस्क्रीम मऊ. भोक तर चालूच होतं. गळत गळत मधे एक आठवडा तो बरोबर ३८ ग्रॅमच्या आसपास आला आणि फ्रिज झकास चालला. मग त्याच्याही खाली गेला. म्हणजे १९०० रुपयांत मला बरोबर काम मिळालं ते भोकामुळे, ते पण आठवडाभर.

शेवटी नळी चेपून व्हॉल्व्ह काढला. आता आत गॅस आहे म्हणून टोक टॉर्चने बंद करायचं नाही, त्यावर लोकरिंगची टोपी दाबून बसवली, पकडीसारखं हत्यार असतं त्याचं. परत फेस, परत पीं पीं यंत्र. कॉम्प्रेसरच्या बाजूची, त्याला चालू करणारी रिले आणि फार तापला की बंद करणारी ओव्हरलोडची डबी मी उगाच हात लावून बघत होतो तर म्हणाले ह्याचं झाकण तुटलं तर टेप मारून चालवू नका आणि दुसऱ्या कुठल्या फ्रिजची रिले बसवू नका, ६०० च्या फ्रिजमधे ठिणगी बाहेर येणार नाही अशीच लागते. सिलिंडरमधला एलपीजी भरून देतो स्वस्तात, असं सांगणारे पण आहेत म्हणे. त्यात अनेक वायूंची मिसळ, वर तो वासाचा गंधक, ओलावा, त्यापेक्षा फ्रिजचं कपाट करा.

काका जुन्या गप्पांत शिरले मग. त्यांच्या शिकायच्या काळात बारा नंबर गॅस होता, आर-१२, ना पेटायचा ना वास ना विष, म्हणून कोणी विचार न करता उडवायचे. तो ओझोनला खातोय हे नंतर कळलं, १९८७ मधे माँट्रियलचा करार झाला, आपल्याकडे तो २०१० पासून बंद. मग १३४, आता हा. त्यांचं म्हणणं, प्रत्येक वेळी गॅस बदलला की नवं हत्यार आणि नवी सवय लागते, लोकं गॅस बदलतात, सवय बदलत नाहीत.

३४०० रुपये झाले. त्यात फिल्टर, काडी, नायट्रोजन सगळं. जास्त वाटले का? दुपारी दोन ते रात्री साडेआठ एक माणूस तुमच्या पडवीत बसतो, तर नाही. आधीचे १९०० मिळवले तर ५३०० आणि ते मात्र लागले. जाताना काकांनी मार्करने कॉम्प्रेसरवर तारीख, ६००, ३८ ग्रॅम आणि फिल्टर नवा असं लिहिलं, पुढच्या मेकॅनिकसाठी. दुसऱ्या दिवशी मी जोडांवर रेड ऑक्साइड मारलं, काकांनीच सांगितलेलं, आणि ट्रे आता पंधरवड्याने काढून पुसतो. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घेतला. फ्रीझरमधे पहिल्या रात्री काहीच ठेवलं नाही, सकाळी थर्मामीटर उणे १९ दाखवत होता, मग शेजारून सुरमई परत आणली. दोन तुकड्या कमी होत्या, पण ते आम्ही बोललो नाही.

आता चार महिने झाले. बर्फ साचला की मी बटण बंद करून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवतो, आईला ते फार वेळखाऊ वाटतं. एकच आहे, कॉम्प्रेसरचा आवाज पूर्वीपेक्षा थोडा जास्त येतो, बंद होताना एक खडखड. काकांना फोनवर ऐकवला. म्हणाले जास्त भरलेल्या दिवसांत द्रव गॅस आत गेला त्याने व्हॉल्व्हची पट्टी थोडी दुखावली असेल, चालतोय तोवर चालू दे, उगाच उघडायचा नाय. रात्री सगळं शांत झालं की ती खडखड ऐकू येते, आणि आतल्या खोलीतून आई विचारते, कट झाला ना रे?